जीवनयोनि प्रयत्न आणि विजेची तार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्याच्या शेंड्याला झेंडा बांधला जातो, आणि मग दोन्ही तीरांवरून जी दगडांची वृष्टी सुरू होते तिला साऱ्या मुलखात गोटमार म्हणतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी पात्रात उतरून ते झाड तोडून न्यावे आणि सावरगावकरांनी त्यांना रोखावे, असा या झुंजीचा दंडक आहे. झाड हाती आले म्हणजे ते चंडीमातेच्या चरणी अर्पण होते आणि दिवसभर एकमेकांची डोकी फोडणारे लोक पुन्हा शेजारी होतात. पांढुर्ण्याचा एक मुलगा सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत असता दोन्ही काठांवरून त्यांच्यावर दगड आले आणि दोघेही पात्रातच गेले, अशी कथा या प्रथेच्या मुळाशी सांगतात. सरकारने मनाईहुकूम काढून पाहिले, दगडांच्या जागी रबरी चेंडू देऊन पाहिले. पोलिसांचा बंदोबस्त आणि डॉक्टरांच्या छावण्या आता जत्रेचेच अंग होऊन बसल्या आहेत. तरी दरसाल माणसे जखमी होतात, आणि काही साली जीवही गेले आहेत.

त्या पात्रात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या तरुणाचा देह क्षणभर जवळून पाहावा. समोरच्या तीरावरचा हात वर जातो न जातो तोच त्याच्या डोळ्यांतील बाहुल्या रुंदावतात. तोंडाला कोरड पडते. आतड्यांकडे जाणारे रक्त आवळले जाऊन मांड्यांच्या आणि दंडांच्या स्नायूंकडे वळते. छातीत ठोके वाढतात, श्वासनलिका सैल होतात, यकृत आपल्या कोठारातील साखर रक्तात मोकळी करते, तळहाताला घाम फुटतो, अंगावर काटा उभा राहतो. कपाळाला खोक पडली तरी तिची खरी वेदना त्याला तेव्हा कळत नाही. ती सायंकाळी टाके पडताना कळते. यांपैकी एकही गोष्ट त्याने करावी म्हणून केलेली नाही. दगड मात्र त्याने उचलला आहे. एकाच क्षणी, एकाच देहात, एक गोष्ट त्याने केली आणि दहा गोष्टी त्याच्यात घडल्या. आणि त्या दहा घडल्या नसत्या तर ती एक त्याच्या हातून झाली असती की नाही, याची शंकाच आहे. तेव्हा त्या दिवशीच्या कर्माचा कर्ता कोण, हा प्रश्न कोर्टकचेरीत फारसा निघत नसला तरी धर्माचा विचार करणाऱ्यास तो टाळता येण्यासारखा नाही.

ज्या व्यवस्थेमुळे हे सारे घडते तिला शरीरशास्त्रात अनुकंपी मज्जासंस्था म्हणतात. मज्जारज्जूच्या छातीच्या भागापासून कमरेच्या वरच्या भागापर्यंत तिचे तंतू बाहेर पडतात, कण्याच्या दोन्ही अंगांना माळेतील मण्यांप्रमाणे ओवलेल्या गाठींत शिरतात, आणि तेथून हृदय, फुप्फुसे, प्लीहा, मूत्रपिंडे, आतडी, घर्मग्रंथी आणि जवळजवळ प्रत्येक रक्तवाहिनीपर्यंत पसरतात. रक्तवाहिन्यांवरचे या तंतूंचे काम उघडकीस आले ते सशाच्या कानावर. १८५१ च्या सुमारास पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार याने सशाच्या मानेतील अनुकंपी तंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान लाल आणि उष्ण झाला. पुढल्याच साली ब्राउन-सेकार याने त्या कापलेल्या तंतूच्या डोक्याकडील टोकाला विद्युत्प्रवाह लावला, आणि तोच कान फिकट होऊन थंड पडला. सशाच्या इच्छेचा या दोन्ही गोष्टींशी काही संबंध नव्हता. केंब्रिजच्या लँग्ले याने १८९८ मध्ये या साऱ्या व्यवस्थेस स्वायत्त असे नाव दिले, आणि हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन याने १९१५ मध्ये भय, क्रोध, भूक आणि वेदना यांच्या वेळी देह लढण्यास किंवा पळण्यास कसा सज्ज होतो, हे ग्रंथरूपाने मांडले.

पुढे वैद्यांनी या व्यवस्थेवर शस्त्र चालवले. गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत, रक्तदाबावर औषध नव्हते तेव्हा, कण्यालगतच्या या गाठींची माळच कापून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. दाब उतरे, पण रोगी उभा राहिला की त्याला भोवळ येई. अलीकडे मूत्रपिंडाच्या धमनीतून नळी घालून धमनीभोवतीचे अनुकंपी तंतू उष्णतेने निकामी करण्याची पद्धत निघाली; २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षेत ती फोल ठरली, कारण खोट्या शस्त्रक्रियेने जेवढा दाब उतरला त्याहून खरीने फारसा अधिक उतरला नाही; त्या अपयशाची जी कारणे शोधली गेली त्यांत एक हे होते की, तंतू धमनीच्या नेमक्या कोणत्या भागाजवळून जातात याचेच ज्ञान अपुरे होते. पद्धत सुधारल्यावर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तिला मान्यता दिली. अनुकंपीला तोल देणारी जी परानुकंपी व्यवस्था, तिच्यातल्या मानेतून उतरणाऱ्या प्राणदा तंतूची (व्हेगसची) गोष्टही अशीच आहे. त्याच्या एका दोरखंडात सुमारे एक लाख तंतू असतात. आकडीच्या रोग्यांसाठी त्याला वीज दिली की तिचा अंश स्वरयंत्राकडे जाणाऱ्या तंतूंनाही लागतो आणि रोग्याचा आवाज घोगरा होतो. वीज आंधळी आहे. तिला वाट दाखवणारा नकाशा हवा. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने गेल्या दशकात 'स्पार्क' नावाचा मोठा उपक्रम हाती घेऊन कोणता तंतू कोठून निघतो, कोणत्या गाठीत थांबतो आणि कोणत्या अवयवाला काय सांगतो, याची मोजणी सुरू केली. जमाबंदीच्या वेळी गावाचे शिवार जसे शेतनिहाय मोजतात तशी ही देहाची मोजणी नाही, कारण येथील बांध माणसागणिक थोडे सरकलेले असतात. पण हेतू तोच आहे, की एका शेताला सोडलेले पाणी दुसऱ्याच्या शेतात शिरू नये. प्राणदा तंतूला दिलेली वीज प्लीहेपर्यंत पोचते ती शेवटी अनुकंपी तंतूंच्याच द्वारे, आणि तेथील पेशींच्या मार्फत सांध्यांची जळजळ शमवते. या ज्ञानावर आधारलेले संधिवाताचे यंत्र आज प्रत्यक्षात आले आहे.

इतके कळल्यावर मनात भय उभे राहते, आणि ते भय अडाण्याचे नाही. धैर्य, क्षोभ, शांती ही आजवर आपण माणसाचे गुण म्हणून मोजत आलो. शम आणि दम हे साधकाच्या संपत्तीत गणले गेले. उद्या गळपट्टीच्या हाडाखाली पुरलेल्या एका डबीतून शम मिळू लागला, तर ज्याने तो वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने मिळवला त्याच्यात आणि ज्याने तो विकत घेतला त्याच्यात अंतर काय उरले? आणि जर सारे तंतूंतच आहे, तर आत बसलेला तो कोण, ज्याच्यासाठी हा सारा विचार चालला आहे?

या भयाला उत्तर देताना आपल्याकडचे लोक बहुधा सांख्याकडे धाव घेतात: कर्म सारे प्रकृतीचे, पुरुष केवळ द्रष्टा. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण ते इतके विशाल आहे की त्याच्या पोटात दगड मारणारा हात आणि टाके घालणारा हात यांतील भेद दिसेनासा होतो, आणि जो भेद दिसेनासा होतो त्याचा विचार करण्यासाठीच तर आपण बसलो आहोत. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची जी पाच कारणे मोजली आहेत, त्यांत कर्ता हा केवळ एक आहे आणि नाना प्रकारच्या चेष्टा हे एक स्वतंत्र कारण आहे, ही गोष्ट या प्रश्नाच्या अधिक जवळ येते. परंतु सर्वांत जवळ येतात ते वैशेषिक आणि नैयायिक, ज्यांना आपण तर्काचे कोरडे लोक म्हणून बाजूला ठेवले.

प्रयत्न हा आत्म्याचा गुण आहे, असे ते मानतात, आणि त्याचे विभाग पाडतात. काही प्रयत्न इच्छेतून किंवा द्वेषातून उपजतो. हवे ते घ्यावे, नको ते टाळावे, म्हणून जो हात हलतो त्याच्या मागे तो असतो. परंतु वैशेषिकांच्या प्रशस्तपादाने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी याहून वेगळा एक प्रयत्न सांगितला, जो इच्छेतून येत नाही, जगण्यातूनच येतो, आणि माणूस गाढ झोपलेला असतानाही त्याचे प्राणापान चालू ठेवतो. पुढे सतराव्या शतकात विश्वनाथाने भाषापरिच्छेदात त्याची गणना जीवनयोनि म्हणून केली आणि तो इंद्रियांना अगोचर आहे असे सांगितले. लँग्लेने ज्याला स्वायत्त म्हटले त्याची ही दार्शनिक जागा आहे; आणि तिच्यात एक धाडस आहे, की माझ्या इच्छेवाचून, माझ्या नकळत माझ्यात जे चालते, तेही या लोकांनी माझेच मानले. पात्रात उभ्या असलेल्या तरुणाचे वाढलेले ठोके त्याचे नव्हेत असे ते म्हणणार नाहीत. ते त्याच्या इच्छेतून आले असेही म्हणणार नाहीत.

देहाचा नकाशा काढण्याची खटपट आपल्या लोकांनीही केली, आणि तिचा इतिहास आदराने वाचावा असा आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे वर्णन आहे, ते वाचताना कोणत्याही मराठी माणसाला प्रश्न पडतो की हे कोणत्या देहाचे वर्णन आहे. स्वामी दयानंदांनी हा प्रश्न अक्षरशः तडीस नेला: गंगेतून वाहत आलेले प्रेत त्यांनी बाहेर ओढले, सुरीने उघडले, हठयोगाच्या ग्रंथांतील चक्रांशी ताडून पाहिले, आणि जुळले नाही तेव्हा ते ग्रंथ फाडून प्रेताबरोबर नदीत सोडले. त्या प्रामाणिकपणापुढे मान लवते. पण जिवंत माणसाला आतून जे प्रत्ययाला येते त्याचा शोध मेलेल्या मांसात घेतला, एवढी त्या परीक्षेत उणीव राहिलीच. मुंबईचे डॉक्टर वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७ साली उलट टोक गाठले आणि कुंडलिनी म्हणजे उजवा प्राणदा तंतू, असे पुस्तक लिहून मांडले; त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणाऱ्या सर जॉन वुड्रॉफ यांनाही हे समीकरण पटले नाही. लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद यांची रीत मला अधिक मोलाची वाटते. त्यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले, क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी उड्डियान व नौली तपासली, आतड्यांत अंशतः निर्वात पोकळी कशी निर्माण होते हे मोजून दाखवले, आणि मोजले तेवढेच सांगितले. हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांची वेंगर, बागची आणि आनंद या तिघांनी परीक्षा केली आणि तिचा वृत्तान्त १९६१ साली प्रसिद्ध केला. त्यांत दिसले की श्वास रोखून छातीपोटाचे स्नायू आवळले म्हणजे मनगटाची नाडी लागेनाशी होते, पण हृदयाचा विद्युत्‌लेख चालूच असतो. जीवनयोनि प्रयत्न इच्छेच्या हाती सहजासहजी येत नाही. त्याच्या दारापर्यंत इच्छा जाते ती श्वासाच्या आणि स्नायूंच्या वाटेने.

आता मूळ अडचणीकडे यावे. वैशेषिक सूत्रांत प्राणापान, डोळ्यांची उघडझाप, जीवन या गोष्टी आत्म्याची लिंगे म्हणून दिल्या आहेत. म्हणजे त्यांच्यावरून आत आत्मा आहे असे अनुमान करावे. श्वासपटलाच्या मज्जातंतूला वीज देऊन श्वास चालवणारी यंत्रे आहेत. हृदयाचा ठोका चालवणारी तर आता तालुक्याच्या गावातही अपरिचित राहिलेली नाहीत. डबीतल्या विजेने श्वास चालला, तर श्वासावरून आत्म्याचे अनुमान कसे टिकावे? धूर दिसला पण अग्नी नव्हता, असा हा व्यभिचार नव्हे काय? प्रशस्तपादाचे दृष्टान्त येथे मोठ्या कामाचे आहेत, कारण श्वासासाठी त्याने भाता फुंकणारा घेतला आहे आणि डोळ्यांच्या उघडझापीसाठी लाकडी यंत्र चालवणारा. यंत्र त्याला ठाऊक होते. त्याने यंत्राचीच उपमा दिली. भात्याला दुसरा हात लागला म्हणून फुंकणारा नाहीसा होत नाही. एवढेच सिद्ध होते की भात्याच्या हालचालीवरून तो कोणाच्या हातात आहे हे ओळखता येत नाही. म्हणजे हे लिंग दुर्बळ झाले, आणि ते मान्य करण्यात नैयायिकाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

परंतु न्यायसूत्रांनी सांगितलेली इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही लिंगे भाष्यकार वात्स्यायनाने ज्या रीतीने उकलली आहेत ती रीत विजेने बाधित होत नाही. त्याचे म्हणणे असे, की पूर्वी ज्याने एखाद्या वस्तूचे सुख भोगले तोच आज ती पाहून तिची इच्छा करतो. हे जोडणे, हे प्रतिसंधान, अनेक क्षणांना आणि अनेक इंद्रियांना एक धरून राहिल्याशिवाय घडत नाही. वीज सुख देऊ शकेल, दुःख हटवू शकेल, भय वितळवील. हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण ज्याच्या अंगात तार आहे तो माणूस म्हणतो, 'काल मी भीत होतो, आज भीत नाही.' कालचा भिणारा आणि आजचा न भिणारा यांना जो एक करतो, तो या दोन अवस्थांपैकी कोणतीही नव्हे, आणि अवस्था बदलणारी तार त्या एकीकरणाला हातही लावत नाही. साधकाचा शम आणि विकत घेतलेला शम यांतील अंतरही येथेच आहे: साधकाला आपण कोणत्या वाटेने येथवर आलो हे ठाऊक असते, आणि ती वाट त्याला पुन्हा चालता येते. अवस्था दोघांची एक असली तरी तिचा पूर्वेतिहास एक नाही.

तारेचे भय बाळगणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा असे मला कळकळीने वाटते. ढोल, आरोळ्या, तीरावर दाटलेले हजारो डोळे, वाडवडिलांनी झाड आणले या कथेचा अभिमान, पाण्यात फडफडणारा झेंडा, हे सारे मिळून त्या तरुणाच्या अनुकंपी माळेला जी उद्दीपना देतात ती कोणत्याही डबीतून आजवर निघालेली नाही. तिच्यासाठी त्याची संमती कोणी मागितलेली नसते. तो त्या गावात जन्मला एवढेच पुरते. बाहेरून कोणी आपल्या भयाला आणि क्रोधाला कळ लावावी हे जर पाप असेल, तर ते पाप तारेबरोबर आलेले नाही. गर्दी ते फार पूर्वीपासून करीत आली आहे, आणि पुष्कळदा देवाच्या नावाने. गोटमारीची श्रद्धा मी खोटी मानत नाही. चंडीला झाड अर्पण करताना लोकांच्या चेहऱ्यावर जे असते ते खरेच असते. पण त्या श्रद्धेला एकवीस वर्षांच्या मुलाचा फुटलेला डोळा लागतो असे कोणी सिद्ध करून दाखवलेले नाही.

पांढुर्ण्याहून सौंसरच्या बाजूला गेले की जामसावळी लागते. पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताच्या या स्थानी बाधा झालेल्या, मन ढळलेल्या माणसांना घेऊन नातलग येतात, मुक्काम करून राहतात, आणि मूर्तीच्या नाभीतून झिरपणारे पाणी त्यांना तीर्थ म्हणून देतात. दगड समोर नसताना दगडाचे भय ज्यांच्या देहात रात्रंदिवस चालू राहते, अशी ही माणसे. त्यांच्यापैकी एकीची सासू तिच्या केसांतून हात फिरवीत बसलेली असते, आणि शांती कोणत्या वाटेने आली हे ती विचारीत नाही. आली की नाही, एवढेच पाहते. युद्धावरून परतलेल्या आणि भयाने पछाडलेल्या सैनिकांच्या मानेच्या तळाशी असलेल्या अनुकंपी गाठीत बधिरतेचे औषध सोडून उपचार करून पाहिले गेले आहेत, आणि काहींना त्याने उतार पडला आहे. अशा माणसाला, तुझी शांती कृत्रिम आहे, ती अभ्यासाने मिळव, असे सांगणारा तत्त्वज्ञ मला निर्दय वाटतो. ज्याचा जीवनयोनि प्रयत्नच बिघडला आहे त्याने इच्छेच्या बळावर अभ्यास करावा म्हणणे म्हणजे मोडलेल्या पायाने तीर्थयात्रेस निघ म्हणण्यासारखे आहे.

संमतीचा प्रश्न मात्र येथे संपत नाही, उलट येथे तो सूक्ष्म होतो. आकडीच्या रोग्याला प्राणदा तंतूची जी डबी बसवतात (अमेरिकेत तिला १९९७ साली मान्यता मिळाली), तिच्याबरोबर त्याला एक लोहचुंबक देतात. डबी आपल्या ठरावीक वेळी वीज सोडतच असते. पण आकडी येत आहे असे वाटले की रोग्याने चुंबक छातीवरून फिरवावा, म्हणजे जादा वीज सुटते. आणि चुंबक डबीवर तसाच धरून ठेवला तर वीज थांबते. विश्वनाथाने प्रवृत्ती, निवृत्ती आणि जीवनयोनि असे जे तीन प्रयत्न वेगळे केले, ते येथे एका हाताशी आले आहेत: जे अगोचर होते त्याला सुरू करणे आणि थांबवणे इच्छेच्या कक्षेत आले. योग्याला जे श्वासाच्या आडवाटेने थोडेसे साधले ते या रोग्याला सरळ साधते, आणि यात मला माणसाच्या कर्तृत्वाचा ऱ्हास दिसत नाही, विस्तार दिसतो.

पण रोगी पाच वर्षांचे मूल असेल तर चुंबक आईच्या हातात असतो. न्यायाच्या मताने एकाचा प्रयत्न त्याच्याच देहात चेष्टा उपजवतो. आईची इच्छा, आईचा हात, आणि मुलाच्या मज्जातंतूतली वीज, यांची साखळी त्या मताला सहज बसत नाही. नैयायिक म्हणेल, आईचा हात हलला तेवढाच तिचा प्रयत्न, पुढचे सारे औषध पाजण्यासारखे. हे उत्तर मला अर्धेच पटते, कारण औषध मुलाच्या पोटात जाऊन आपल्या गतीने काम करते, आणि येथे मात्र त्याच्या देहातली कळ क्षणोक्षणी दुसऱ्या कोणाच्या निर्णयाला बांधलेली असते. माझ्या मते येथे प्रतिसंधानाचाच आधार घ्यावा लागेल: आज आई जे करते त्याला हे मूल पुढे कधी तरी 'ते माझ्यासाठी झाले' म्हणून आपल्या आयुष्याशी जोडील, किंवा 'ते माझ्यावर झाले' म्हणून नाकारील, आणि दोन्ही त्याच्या अधिकारात आहे. तोवर त्या विजेची कर्ती आई. आणि मुलाला आकडीची चाहूल स्वतः सांगता येऊ लागली की चुंबक त्याच्या हाती द्यावा, आणि तो फिरवणे जसे शिकवायचे तसेच तो धरून ठेवून वीज बंद करणेही त्याला शिकवावे.